ताट संपतं, भूक संपत नाही

(दृश्य: लातूर. सकाळचे सहा. क्लासच्या रस्त्यावर सायकलींची गर्दी.)

धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ही मुलगी नीट परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला आली. चार महिने झाले, पाळी नाही. हनुवटीवर राठ केस आलेत, म्हणून वर्गातही स्कार्फ सुटत नाही. सुट्टीत गावी गेली की मावशी म्हणते, "किती खातीस गं? वजन बघ की जरा."

तपासण्या झाल्या. पीसीओएस. म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हार्मोन बिघडण्याचा आजार; गावाकडं सगळे पीसीओडी म्हणतात.

(दृश्य: मेस. भात, बटाट्याची भाजी. नंतर चहा-बिस्किटं.)

आपण याला अंडाशयाचा आजार म्हणतो. पण थोडं वर, पोटात बघू या. जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधलं. पोट रिकामं असलं की ते वाढतं, जेवलं की उतरतं. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये ते जेवणानंतर पुरेसं उतरत नाही, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. ताट संपतं, पण मेंदूला भुकेचा निरोप जातच राहतो. पोरीला हावरट म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे समोर बसवून सांगावंसं वाटतं.

आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ नावाचं दुसरं हार्मोन सुटतं. "आता पुरे" हा निरोप त्याचा. जेवणानंतर इन्सुलिन सोडायला स्वादुपिंडाला तेच सांगतं. पीसीओएसमध्ये ते कमी पडतं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इन्सुलिनचं मात्र पक्कं ठाऊक आहे: अनेकींचं शरीर त्याला दाद देत नाही, मग स्वादुपिंड आणखी सोडतं, आणि ते जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला डिवचतं. हनुवटीवरचे केस तिथून येतात. पाळी तिथंच अडते.

जीएलपी-१ची नक्कल करणारी इंजेक्शनं आता मिळतात. ती डॉक्टरांशिवाय घेऊ नयेत. बाळाचा विचार असेल तर आधी थांबवावी लागतात.

(दृश्य: गावचं घर. चूल. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ.)

भाकरी-उसळीतला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्लं जीएलपी-१ सोडणाऱ्या पेशींना जागं करतात. आजार याने बरा होत नाही, पण पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

मावशी आता हळूच विचारते, "माझ्या लेकीची बी पाळी मागं-पुढं होती. तिला दाखवावं का?"

हा आजार घराण्यात चालतो. दाखवावं, मावशी. याच आठवड्यात.