आधी न्याहारी, मग प्रश्न

नमस्कार श्रोतेहो. आज दोन विस्तवांबद्दल बोलायचंय, आणि त्यातून देवाच्या क्षमेबद्दल, कारण क्षमा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो तरी तो खऱ्या अर्थाने उमगला येशूचा शिष्य पेत्र याच्या गोष्टीतून.

पहिला विस्तव प्रमुख याजकाच्या वाड्यातला. रात्रीची वेळ, गारठा पडलाय, नोकरचाकरांनी अंगणात कोळसे पेटवलेत आणि आत प्रभू येशूची चौकशी चाललीय. पेत्र बाहेर शेकत उभा. त्याच रात्री जेवताना हा छातीठोकपणे म्हणाला होता की तुमच्यासाठी जीवही देईन, आणि आता एक दासी विचारते, तू पण त्याच्यातलाच ना, तर हा म्हणतो नाही. परत कोणीतरी विचारतं, परत नाही. तिसऱ्यांदा नाही म्हणतो आणि कोंबडा आरवतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की तेव्हा प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. बोलला काहीच नाही, नुसतं पाहिलं, आणि पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला.

दुसरा विस्तव समुद्राच्या काठावरचा, पुनरुत्थानानंतरचा, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्यानंतरचा. सात शिष्य रात्रभर जाळी टाकून दमलेत, हाती काही नाही. पहाटे काठावरून कोणीतरी हाक मारतं, उजवीकडे जाळं टाका, आणि 153 मोठे मासे लागतात. प्रभू आहे असं कळताच पेत्राने अंगरखा गुंडाळला आणि सरळ पाण्यात उडी घेतली, होडी काठाला लागेपर्यंत थांबवलं नाही त्याला. काठावर येऊन बघतो तर काय, कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. योहानाने आपल्या शुभवर्तमानात इथे कोळशाच्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय तो अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, 18व्या अध्यायात त्या अंगणात आणि 21व्या अध्यायात इथे. मला तर वाटतं त्या धुराचा वास येताच पेत्राच्या पोटात गोळा आला असेल.

आणि प्रभू काय म्हणतो? "या, न्याहारी करा."

न्याहारी झाल्यावर मग प्रश्न. शिमोना (हे पेत्राचंच मूळ नाव), तू माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा विचारलं, जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा, आणि तिसऱ्या वेळी पेत्राला वाईटही वाटलं. म्हणजे जखम झाकली नाही हं, "जाऊ दे, झालं गेलं विसरून जा" असं नाही केलं. पण असं का केलंस हेही विचारलं नाही. प्रत्येक उत्तरावर एकच, माझी मेंढरं सांभाळ. ज्याने ओळख द्यायला नकार दिला त्याच्याच हातात कळप दिला!

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही क्रम हाच आहे बघा. पोरगा वाटेत बोलणं पाठ करून येतो, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एखाद्या चाकरासारखं ठेवा. बाप लांबूनच बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो, मुके घेतो, आणि मग पोरगा बोलायला लागतो. पण ते चाकराचं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही, बाप त्याआधीच अंगरखा आणा, अंगठी आणा म्हणून सांगायला लागलेला असतो.

फुकटात आहे का हे सगळं? नाही. राजाचं 10,000 तालांतांचं कर्ज असलेल्या चाकराचा दाखला आहे ना, एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिवसांची मजुरी, म्हणजे एकूण 6 कोटी दिवसांची, आणि तो चाकर म्हणतो थोडा धीर धरा, सगळं फेडतो. कसं फेडणार? आपण मुदत मागत बसतो, राजा कर्जच सोडून देतो, आणि सोडलेल्या कर्जाची झळ कोणालातरी बसतेच. ख्रिस्ती विश्वास सांगतो की ती देवाने स्वतः क्रूसावर सोसली.

माझं सांगतो. कामावर माझी एक चूक मी एका ज्युनियर मुलाच्या नावावर जाऊ दिली होती. बोललो नाही, गप्प राहिलो, बस. दर रविवारी पापांगीकाराची प्रार्थना सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायचो पण ती कशी, सगळी पापं घाऊक. योहानाच्या पहिल्या पत्रात फार सुंदर शब्द आहेत, आपण आपली पापं पदरी घेतली तर तो क्षमा करील. पदरी घेणं म्हणजे हे माझं आहे असं म्हणून नाव घेऊन उचलणं. ते एके रात्री केलं, गुडघ्यावर बसून, त्या मुलाचं नाव घेऊन. आणि मग सकाळी त्याला फोन लावला कारण देवाशी बोलून झालं म्हणून त्याचं देणं फिटत नव्हतं. मी सगळं सांगितलं, तो बराच वेळ गप्प, आणि नंतर म्हणाला, "सर, तुम्ही बरे आहात ना?" मला पुढे बोलताच येईना.

उलटं पण होतं. येशूला 30 नाण्यांसाठी पकडून देणारा शिष्य यहूदा, त्यालाही पस्तावा झाला होता, तो ती नाणी घेऊन याजकांकडे गेला, म्हणाला मी पाप केलं. त्यांनी काय सांगितलं? त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहून घे. देवाचं नाव घेणाऱ्यांच्या तोंडची ती वाक्यं वाचली की अजून काटा येतो. कोणी रडत दाराशी आला तर असं बोलू नका हो, आणि तुम्हीच आज तसे एकटे बसला असाल तर कोणा विश्वासाच्या माणसाला आत्ताच हाक मारा, सकाळची वाट बघू नका.

पेत्राचं पुढे काय झालं? थोड्याच दिवसांनी त्याच यरुशलेममध्ये, मंदिरात, तो लोकांसमोर उभा राहून म्हणाला, तुम्ही त्या पवित्र पुरुषाला नाकारलंत. नाकारलंत! स्वतःचाच शब्द, त्याच गावात, सगळ्यांदेखत. आणि तीनच वाक्यांनंतर म्हणतो, भावांनो, मला माहीत आहे, तुम्ही ते न समजून केलंत.