पांढरा गणवेश, तांबडी माती

नमस्कार श्रोतेहो.

एनसीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेच्या, भरतीचे दिवस आले की आमच्या रत्नागिरीत पालकांचा एक प्रश्न हमखास येतो, “सर, ह्यातून पोराच्या हातात काय पडणार?” प्रश्न रास्त आहे. आठवीतलं पोर सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून एसटी गाठणार, म्हणजे घरात आणखी कोणाची तरी झोप मोडणार. त्यातून विंग, म्हणजे एनसीसीची शाखा, नौदलाची असेल तर गणवेश पांढरा. जुलैचा पाऊस, जांभ्याची तांबडी माती आणि पांढरी पँट! हा मेळ ज्याने घातला त्याचा उद्धार कोकणातल्या आया दर आठवड्याला दगडावर कपडे आपटत करत असतात.

हातात काय पडतं, तर आधी सर्टिफिकेट. शाळेत दोन वर्षं काढली की ‘ए’ची परीक्षा, पुढे कॉलेजात ‘बी’ आणि ‘सी’. ‘सी’ सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत मिळवून पदवीला निदान ५० टक्के गुण असले, तर भूदलात अधिकारी होण्यासाठी एनसीसीची वेगळी भरती असते. तिथे लेखी परीक्षा नाही, अर्जांची छाननी होऊन थेट मुलाखतीच्या फेरीला बोलावतात. फायदा मोठाच आहे. पण तिथवर पोचणारी मुलं थोडी. म्हणून बाकीच्यांबद्दल बोलतो.

नेव्हल विंगमध्ये गाठी शिकवतात. बोलाईन, क्लोव्ह हिच, रीफ नॉट. बोलाईनचा फास ताण आला तरी आवळत नाही, म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाला वर ओढायला ती वापरतात. क्लोव्ह हिचने दोर खांबाला बांधतात. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी हुशार मुलं इथे दोरीत बोटं अडकवून बसतात. आणि मिरकरवाडा किंवा राजिवडा ह्या मच्छीमार वस्त्यांतला एखादा मुलगा, जो वर्गात कधी हात वर करत नाही, तो न बघता गाठ मारून मोकळा होतो. बापाबरोबर होडीवर गेलेला असतो तो. भरती-ओहोटीच्या वेळा त्याला तोंडपाठ असतात, वारा कुठून सुटलाय ते त्याच्या गालाला कळतं. शाळेच्या आठ वर्षांत ह्यातलं काही त्याला कोणी विचारलेलं नसतं. इथे त्याला गुण मिळतात. वकिलाचा मुलगा त्याच्याकडे येऊन म्हणतो, “परत एकदा दाखव ना.”

आमच्या किनाऱ्यावर एनसीसीने दिलेलं सगळ्यात मोठं देणं मी हे मानतो. ज्या घरच्या विद्येची मुलाला वर्गात लाज वाटत होती, तीच विद्या इथे परीक्षेचा विषय होते. मात्र त्यालाही फुकट काही मिळत नाही. हात आपोआप करतात ते दुसऱ्याला तोंडाने समजावून सांगायचं, तेही क्रमाने, न चिडता, म्हणजे भलतंच अवघड काम. शिकवता शिकवता त्याचा आवाज सुटतो. हाच मुलगा वर्षभरात तुकडीसमोर उभा राहून ‘सावधान’ म्हणतो, तेव्हा मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जातं.

मग व्हेलर. पाच वल्ह्यांची ही लांब होडी. वल्ही मारणाऱ्यांची पाठ होडी जाते त्या दिशेला असते. पुढचं पाणी दिसतं ते फक्त सुकाणूवर बसलेल्या कॉक्सनला. एकाचं वल्हं जरा उशिरा पडलं की ते दुसऱ्याच्या वल्ह्यावर आपटतं आणि होडी तिरकी होते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ असताना हे झालं, तर कोण कुठल्या वाडीतला ह्याची चौकशी करायला कोणाला फुरसत नसते. कॉक्सनच्या जागेवर मुलगी असली तर तिच्या हुकमावर चार-पाच मुलगे मुकाट वल्ही मारतात. त्यातल्या काहींच्या घरी बाईमाणसाने होडीत पाय ठेवलेला चालत नाही, हे मुद्दाम सांगतो.

आता थोडं खटकणारं. १ डिसेंबर २०२१ पासून एनसीसीने किनारे स्वच्छ करायचं ‘पुनीत सागर अभियान’ सुरू केलं. आमची मुलंही पोती घेऊन किनाऱ्यावर उतरतात. पर्यटकांच्या बाटल्या उचलताना त्यांना जोर चढतो, शिव्या घालायला सोपं असतं. पण वाळूत रुतलेली नायलॉनची तुटकी जाळी निघतात, ती आपल्याच बंदरातली. तेव्हा काही चेहरे उतरतात. मुलांनी घरी जाऊन वडिलांशी ह्यावरून वाद घातल्याचंही कानावर आलं आहे. मला ते बरं वाटलं. फोटोपुरती साफसफाई करणाऱ्या तुकड्याही असतात, नाही असं नाही.

आणि आजोबामंडळींसाठी एक आठवण. चीनच्या युद्धानंतर, १९६३ साली, कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली होती. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. त्या काळात परेड चुकवण्याच्या युक्त्या काढलेले गृहस्थ आज नातवाला “जा रे, शिस्त लागेल” म्हणून सांगतात! शिस्त लागते, पण धाकाने लागलेली फार टिकत नाही. ज्याला बूट चमकवायची हौस लागली त्याच्या अंगात ती मुरते. ज्याला ओढून आणलं तो दोन महिन्यांत पोटदुखीचं कारण काढतो. तेव्हा मुलाला जबरदस्तीने घालू नका.

ज्यांना जायचं आहे त्यांनी शाळा सुरू झाल्या झाल्या चौकशी करावी. सगळ्या शाळांत तुकडी नसते आणि जिथे असते तिथे जागा मोजक्या. निवडीच्या वेळी धावायला लावतात, म्हणून आदल्या महिन्यापासून सकाळी मांडवीच्या किंवा भाट्याच्या वाळूत थोडं पळायला लागा. हजेरीची अट कडक असते, तेव्हा लांबच्या गावातल्या मुलांनी आधी एसटीचं वेळापत्रक बघावं आणि मगच फॉर्म भरावा. गणवेशाचा भत्ता आता कॅडेटच्या बँक खात्यात जमा होतो. मुलाचं खातं नसेल तर ते ह्याच आठवड्यात उघडून घ्या.

नमस्कार.