बारा डॉलरचा निकाल

नमस्कार श्रोतेहो.

एखादा निर्णय खटकला की आपण लगेच विचारतो, निर्णय घेणारा माणूस कसा आहे? सरळ आहे की लबाड? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न मागाहून विचारावा. आधी दोन गोष्टी बघाव्यात. कोणता निर्णय दिला तर त्याच्या पदरात काय पडतं? आणि त्याची ऊठबस कुणाकुणात आहे? पुन्हा सांगतो. पदरात काय पडतं, आणि ऊठबस कुणात आहे.

हे सांगायला माझ्याकडे एक खटला आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला, दारूबंदीच्या काळातला. देशभर दारूबंदी लागू झाली १९२० साली. त्यानंतरची ही गोष्ट. सिनसिनाटी शहराच्या कडेला नॉर्थ कॉलेज हिल नावाचं गाव. वस्ती जेमतेम हजार-अकराशे. पण राज्याच्या कायद्यानं तिथल्या नगराध्यक्षाला केवढा अधिकार दिला होता, बघा. अख्ख्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, कुठंही दारू सापडली, तरी तो खटला यानं आपल्यापुढे चालवायचा. ज्यूरी नाही, दुसरा न्यायाधीश नाही. गावाचा कारभारीही तोच आणि न्याय देणाराही तोच.

आता दंडाचं काय व्हायचं? काही भाग राज्याच्या तिजोरीत, काही गावाच्या. गावानं आपल्या वाट्यातून एक गुप्त कामाचा निधी काढला होता. दारू हुडकणारे हेर आणि खटला चालवणारा वकील, यांचा मोबदला त्यातून निघायचा. म्हणजे पकडणाराही दंडावर, आरोप ठेवणाराही दंडावर. आणि नगराध्यक्ष? त्याला ठरलेला पगार होताच. शिवाय आरोपी दोषी ठरला, तर खटल्याचा खर्च आरोपीकडून वसूल व्हायचा, आणि ती रक्कम नगराध्यक्षाची. आरोपी सुटला, तर वसुली नाही. म्हणजे त्याला एक पैसा नाही. हे नीट ऐका. दोषी ठरवलं तर पैसे, सोडलं तर शून्य.

या नगराध्यक्षापुढे एड ट्यूमी नावाच्या माणसाला उभं केलं. आरोप, बेकायदा दारू बाळगल्याचा. ट्यूमीनं सुरुवातीलाच हरकत घेतली, की तुमचा यात पैसा आहे, तुम्ही हा खटला चालवू शकत नाही. नगराध्यक्षानं हरकत फेटाळली, खटला चालवला, दोषी ठरवलं. दंड शंभर डॉलर, आणि दंड व खर्च भरेपर्यंत तुरुंग. त्या खर्चात नगराध्यक्षाचे होते बारा डॉलर.

बारा डॉलर! कुणी म्हणेल, एवढ्याशा रकमेसाठी कोण ईमान विकतं? म्हणून हिशेब बघू. ११ मे ते ३१ डिसेंबर १९२३, साडेसात महिन्यांच्या आसपासचा काळ. त्या गावच्या दारूच्या खटल्यांतून वीस हजार डॉलरच्या वर दंड जमला. राज्याला गेले ८,९९२ डॉलर ५० सेंट. गावाला सर्वसाधारण खर्चासाठी ४,४७१ डॉलर २५ सेंट. आणि नगराध्यक्षाला, पगाराव्यतिरिक्त, ६९६ डॉलर ३५ सेंट. महिन्याला जवळजवळ शंभर डॉलर. हजार वस्तीच्या गावाला साडेचार हजारांची कमाई! रस्ते दुरुस्त करायचेत, दिवे लावायचेत, आणि त्याची काळजी वाहणारा माणूसच न्यायासनावर बसलेला.

ट्यूमी वर अपिलात गेला. मध्ये एका न्यायालयानं त्याच्या बाजूनं कौल दिला, पुढच्यानं तो फिरवला. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाला तर यात घटनेचा काही वादाचा मुद्दाच दिसला नाही. शेवटी प्रकरण गेलं वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात. तिथं ओहायोच्या बाजूनं उभं कोण राहिलं? वेन व्हीलर. दारूबंदीसाठी झटणाऱ्या अँटी-सलून लीगचा सर्वांत वजनदार माणूस. ज्या माणसानं आमदार-खासदारांना मतांचा धाक दाखवून दारूबंदी आणली, तोच या न्यायासनाच्या बचावाला. आता कळलं, ऊठबस म्हणजे काय ते? गावच्या हेरापासून देशाच्या राजधानीपर्यंत एक साखळी, आणि प्रत्येक कडीला आपलं काम पवित्रच वाटत होतं.

निकाल लागला मार्च १९२७ मध्ये, एकमतानं. लिहिला सरन्यायाधीश विल्यम टॅफ्ट यांनी. हे गृहस्थ आधी देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. दोन्ही पदं भोगलेला आजवरचा एकमेव माणूस. टॅफ्ट म्हणाले, बारा डॉलरसाठी न डगमगणारे नगराध्यक्ष असतीलही. पण प्रश्न त्यांचा नाही. सर्वसामान्य माणसाला मोह पडेल अशी व्यवस्थाच न्यायात चालणार नाही. आणि पुढचं तर फार मोलाचं आहे. ट्यूमीविरुद्ध पुरावा कितीही भक्कम असो, निःपक्ष न्यायाधीश मिळणं हा त्याचा हक्क आहे.

नगराध्यक्ष लाचखाऊ होता असं कुणीही सिद्ध केलं नाही. त्याची गरजच पडली नाही.

मला शपथांचं फार कौतुक नाही. पदाची शपथ घ्या, मूल्यांच्या पाट्या भिंतीवर लावा, काय हवं ते करा. मला त्या माणसाचा मोबदल्याचा करार दाखवा. मी तेवढाच वाचतो.

उद्योगाचंही हेच. एन्रॉन कंपनीचे हिशेब तपासायची आर्थर अँडरसन ही फर्म. २००० साली तिला एन्रॉनकडून तपासणीचे अडीच कोटी डॉलर मिळाले, आणि सल्लागारीसारख्या इतर कामांचे त्याहून जास्त, दोन कोटी सत्तर लाख. ज्याची चूक काढायची, तोच सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. त्यात एन्रॉनचे मुख्य लेखा अधिकारी पूर्वी अँडरसनमध्येच होते. कालचा सहकारी आज समोर बसलेला, त्याला कठोर प्रश्न कोण विचारणार? २००१ च्या अखेरीस एन्रॉन बुडाली. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सले कायद्यानं दोन्हींवर बोट ठेवलं. हिशेब तपासणाऱ्यानं त्याच कंपनीची बरीचशी इतर कामं घ्यायची नाहीत, आणि तपासणी सोडून लगेच त्याच कंपनीत वरच्या पदावर जायचं नाही. एक नियम पैशाचा, एक ऊठबशीचा.

सरकारचं उदाहरण पुन्हा ओहायोचंच देतो, मनरोव्हिल गावचं. तिथं नगराध्यक्षाच्या स्वतःच्या खिशात काहीच जात नव्हतं. पण १९६४ साली गावाच्या उत्पन्नातला निम्म्याहून थोडा जास्त भाग त्याच्या न्यायासनापुढच्या दंड-शुल्कातून आला होता. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही अमान्य केलं. स्वतःचा खिसा नसला, तरी तिजोरी भरण्याची जबाबदारी त्याचीच होती. ओहायोत नगराध्यक्षांची न्यायालयं आजही आहेत.

नमस्कार.