आधी बघा, मग वाजवा

नमस्कार, श्रोतेहो. ज्यांच्या माळ्यावर ध्वनिमुद्रणाच्या टेपची जुनी स्पुलं, म्हणजे रिळं, पडली आहेत, त्यांनी आज जरा कान देऊन ऐका. ती रद्दीत घालू नका, आणि लगेच मशीनवरही चढवू नका. आधी बघा, मग वाजवा.

पाव इंच रुंदीची ही टेप घरच्या मशीनवर सेकंदाला साडेनऊ नाहीतर १९ सेंटिमीटर धावते, स्टुडिओत ३८. वेग जास्त तसा आवाज मोकळा. म्हणून परदेशात शौकिनांसाठी स्टुडिओच्या मास्टरवरून, म्हणजे मूळ टेपवरून, ३८च्या वेगाने अल्बम उतरवतात. साडेदहा इंची स्पूल त्या वेगाला जेमतेम ३३ मिनिटं पुरतं, त्यामुळे एका अल्बमला बहुधा दोन स्पुलं, आणि किंमत शेकडो डॉलर.

ठाण्यात नौपाड्यातला माझा एक मित्र असे अल्बम जमवतो. एका रविवारी आम्ही ऐकत बसलो होतो, तर चरईच्या एक आजी पिशवीत खोका घेऊन आल्या. यजमानांनी वाड्यातली गाण्याची बैठक टेप केली होती. एका दुकानात नेली तर काहीतरी उलटंसुलटं ऐकू आलं, आणि "टेप गेली" म्हणून परत दिली. "बघ रे बाबा, ह्यांचा आवाज आहे त्यात."

मित्राने स्पूल उजेडासमोर धरलं. आरपार दिसलं असतं तर अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची जुनी, ठिसूळ टेप. हे काळंकुट्ट, म्हणजे पॉलिएस्टरची दणकट टेप. मग त्याने बाहेरचं टोक मला दाखवलं, त्याला लाल पट्टी जोडलेली. "हा शेवट आहे!" अनेक स्टुडिओंत शेवटाला लाल पट्टी लावतात आणि टेप शेवट बाहेर ठेवूनच जपतात. गुंडाळलेल्या टेपवरच्या आवाजाचा पुसट ठसा शेजारच्या दोन्ही थरांवर उमटतो, एकीकडे जरा ठळक. शेवट बाहेर असला की हा ठळक ठसा सुराच्या आधी न येता नंतर येतो आणि सुरातच झाकला जातो. आजोबांना हे ठाऊक होतं! दुकानात मात्र टेप शेवटाकडून वाजवली, म्हणून उलटी ऐकू आली.

त्याने भरलेलं स्पूल उजवीकडे लावलं, टेप डावीकडे गुंडाळून घेतली आणि सुरू केली. तंबोरा जुळत होता. कपबशी वाजली. पुरुषाचा आवाज आला, "काटा हलतोय, बोला." लगेच एक बाई म्हणाली, "पंखा बंद करा हो, त्यात येईल."

"ही मी," आजी म्हणाल्या.

आणि काय सांगू, त्या एका मायक्रोफोनवर गळा आणि तबला किती नेमका बसला होता! हल्ली सभागृहांत तबला छातीवर आदळेल इतका वाढवतात. मला ते मुळीच पटत नाही. आवाज कमी ठेवा, लोक आपोआप शांत बसतात.

आता आपल्या खाडीकाठच्या दमट हवेबद्दल. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांवरचा, चुंबकी भुकटी धरून ठेवणारा थर ओल ओढून चिकट होतो. अशी टेप हेडवर, म्हणजे मशीनच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, किंचाळते आणि भुकटी सोडते. जाणकार तिला साधारण ५४ अंश सेल्सिअसवर कित्येक तास शेकतात, मग ती काही दिवस वाजवता येते. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग नको, आणि अ‍ॅसिटेटची टेप तर कधीच शेकू नका. पुन्हा सांगतो, आधी बघा, मग वाजवा. वाजवताना टेप किंचाळली, तर मशीन तिथेच थांबवा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि स्पूल जाणकाराकडे न्या. नमस्कार.