वूस्टरच्या कोर्टाला कुलूप

अमेरिकन क्रांती म्हटलं की आपल्यापुढे शाळेच्या पुस्तकातलं एकच चित्र येतं: बोस्टन बंदर, रात्रीची वेळ आणि पाण्यात पडणाऱ्या चहाच्या पेट्या. तारीख १६ डिसेंबर १७७३, पेट्या ३४२. त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. एवढंच लक्षात ठेवा, की तो चहा महागणार नव्हता, उलट स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात रुतली होती. तिला सावरायला पार्लमेंटने त्या एका वर्षात चौदा लाख पौंड उसने दिले, वसाहतींत थेट चहा विकायची सवलत दिली आणि कंपनीवर लगाम म्हणून रेग्युलेटिंग ॲक्टही केला. हा तिसरा उद्योग आपल्यालाही भोवलेला आहे. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने झिडकारला तो याच कायद्याच्या जोरावर. त्यातून पुढे पुरंदरचा तह झाला. असो, तो विषय वेगळा.

चहावर दर पौंड वजनामागे तीन पेन्स कर मात्र राहिला. रक्कम किरकोळ होती. प्रश्न होता तो लावायचा हक्क कोणाचा, हा.

पेट्या बुडवल्याची शिक्षा म्हणून लंडनने १७७४ मध्ये बोस्टनचं बंदर बंद केलं. गाजावाजा झाला तो याचाच. पण माझ्या मते ठिणगी पडली ती दुसऱ्या कायद्यामुळे. त्याचं नाव मॅसॅच्युसेट्स गव्हर्नमेंट ॲक्ट. मॅसॅच्युसेट्स म्हणजे बोस्टन जिच्यात येतं ती वसाहत. तिथे गावागावात सभा भरत असे. रस्ता कुठून काढायचा, मास्तर कोण नेमायचा, पाद्रीला पगार किती, निराधारांना कोणी पोसायचं, हे सगळं गावकरी हात वर करून ठरवत. हे चार-पाच पिढ्या चाललेलं होतं. आता हुकूम आला, की वार्षिक सभा सोडून गव्हर्नरच्या परवानगीशिवाय सभा नाही. वरचं सल्लागार मंडळ निवडून येत असे, ते आता राजा नेमणार. ज्यूरीतले लोक गाव निवडत असे, ते शेरीफ निवडणार. न्यायाधीश ठेवायचे की काढायचे, ते गव्हर्नरच्या मर्जीवर.

बोस्टनच्या व्यापाऱ्याला बंदर महत्त्वाचं, पण आतल्या मुलखातल्या शेतकऱ्याला कोर्ट महत्त्वाचं. कर्जाचे खटले तिथेच चालत आणि जमिनीवर जप्ती तिथूनच येई. ते कोर्ट सरकारच्या मुठीत गेलं तर आपलं शेत कोणाच्या मुठीत, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

१६ ऑगस्ट १७७४ रोजी ग्रेट बॅरिंग्टन या पश्चिमेकडच्या गावी सुमारे दीड हजार माणसं जमली आणि त्यांनी कोर्ट भरूच दिलं नाही. मग ६ सप्टेंबरला त्याच वसाहतीतलं वूस्टर. सदतीस गावांच्या तुकड्या आल्या. मोजदाद झालेली आहे: ४,६२२ माणसं. तेवढी त्या गावाची वस्तीही नव्हती! न्यायाधीश आले तर कोर्टाची दारं आतून बंद, म्हणून ते एका खानावळीत जाऊन बसले. प्रत्येक तुकडीने आपला एक प्रतिनिधी निवडला. प्रतिनिधींनी न्यायाधीशांशी बोलून मसुदा ठरवायचा आणि तो आपापल्या तुकडीला मान्य आहे का, हे परत येऊन विचारायचं. यात दिवस गेला. शेवटी माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभी राहिली. न्यायाधीश, वकील, अधिकारी हातात हॅट घेऊन मधून चालले, आणि ‘नव्या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही’ हे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा पुन्हा वाचत गेले. गोळी सुटली नाही, कोणी मेलं नाही. म्हणूनच की काय, हा दिवस आपल्याला माहीत नसतो. गव्हर्नर गेज कोर्टाच्या रक्षणाला फौज पाठवणार होते, पण आतल्या मुलखाचा रंग पाहून ती त्यांनी बोस्टनमध्येच ठेवली.

ऑक्टोबरमध्ये गावांच्या प्रतिनिधींची प्रांतिक काँग्रेस भरली. जॉन हँकॉक अध्यक्ष. तिने गावांना कळवलं, की कर राजाच्या खजिनदाराकडे नको, आमच्या हेन्री गार्डनरकडे भरा. सत्ता कोणाकडे गेली ते इथे कळतं! त्याच महिन्यात वूस्टरच्या गावसभेने आपला प्रतिनिधी टिमोथी बिगेलो याला नवं सरकार उभं करण्याच्या कामाला लागायला सांगितलं. हा बिगेलो धंद्याने लोहार. युद्धाची सुरुवात झाली ती लेक्सिंग्टनची लढाई एप्रिल १७७५ ची, स्वातंत्र्याचा जाहीरनामा जुलै १७७६ चा. लढाई पेटली ती मिळालेलं राज्य राखण्यासाठी.

या सभांत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते. शेफिल्ड गावच्या जॉन ॲशलेंच्या घरी १७७३ मध्ये एक ठराव लिहिला गेला: माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत. ॲशले त्या समितीचे अध्यक्ष, आणि त्यांच्याच घरात बेट नावाची स्त्री गुलाम होती. १७८० मध्ये राज्याचं संविधान झालं, त्यातही तेच तत्त्व. बेट वकिलाकडे गेली. तो वकील थिओडोर सेजविक, ठराव लिहिणाऱ्यांपैकीच. १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीने तिला मुक्त ठरवलं आणि मालकाने भरपाई द्यावी असा निकाल दिला.

आणि शेतकरी? युद्धाचं कर्ज फेडायला राज्याने जबर कर बसवले. जमिनी पुन्हा लिलावात निघाल्या. १७८६ च्या सप्टेंबरात शेतकऱ्यांनी वूस्टरचं कोर्ट पुन्हा बंद पाडलं, या वेळी स्वतः निवडलेल्या सरकारविरुद्ध. उठावाला ज्याचं नाव मिळालं तो डॅनियल शेज स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन होता. एके काळी लोकांना उठवणारे सॅम्युअल ॲडम्स आता म्हणत होते, की प्रजासत्ताकात बंडाला क्षमा नाही. गव्हर्नर बोडिन यांनी व्यापाऱ्यांच्या पैशांतून फौज उभारली, स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारापुढे चार माणसं पडली आणि बंड मोडलं. काही महिन्यांनी निवडणूक आली. बोडिन सपाटून हरले, हँकॉक आले आणि बहुतेक बंडखोरांना माफी मिळाली.