वजन, उंची आणि इंचटेप

मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. दारातल्या वजनकाट्यावर तुम्ही उभे राहत होतात, तेव्हा मी बघत होतो. चपला सगळ्यांनीच काढल्या. एका काकांनी तर खिशातला मोबाइलही काकूंच्या हातात दिला. असो, आता तो परत घ्या, हिशेबाला लागेल.

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा. तो काढणं अगदी सोपं आहे. वजन किलोत, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीने भागा, जे येईल त्याला पुन्हा त्याच उंचीने भागा. झालं. घोळ होतो तो फुटांमुळे. माझ्याकडे एक गृहस्थ घाबरेघुबरे होऊन आले. मोबाइलवर बीएमआय ३१.५ आला होता, म्हणजे चांगलाच लठ्ठपणा, आणि समोर उभा माणूस तर सडसडीत! वजन ७६ किलो, उंची ५ फूट १० इंच. त्यांनी उंची टाकली होती ५.१०. यंत्राच्या लेखी ते ५.१ फूट, म्हणजे बसल्या जागी त्यांची नऊ इंच उंची गेली. ५ फूट १० इंच म्हणजे ७० इंच. त्याला २.५४ ने गुणलं की १७७.८ सेंटिमीटर, म्हणजेच १.७७८ मीटर. आता ७६ ला दोनदा भागा. उत्तर येतं २४.

ते खूश झाले. पण तो आनंद मी फार टिकू दिला नाही. १८.५ ते २५ ठीक, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण पट्टा. भारतीयांसाठी २००९ मध्ये इथल्या तज्ज्ञांनी जे निकष ठरवले, त्यात २३ पासूनच वजन जास्त धरतात आणि २५ ला लठ्ठपणा. आपल्यालाच एवढी कडक शिस्त का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय २२.३. तंतोतंत सारखा. शरीरातली चरबी मोजली, तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! दिसायला बारीक, आतून चरबीदार. आणि हे नुसतं वडापावावर ढकलू नका. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं याज्ञिकांच्या गटाने मोजली, तेव्हा त्यांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंत कमी पडली, चरबीत मात्र फारशी नाहीत.

मुळात हे सूत्र डॉक्टराचं नाहीच. १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केतले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने ते मांडलं. त्याला लठ्ठपणाशी देणंघेणं नव्हतं, तो ‘सरासरी माणूस’ शोधत होता. बीएमआय हे नाव अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं, आणि त्यांनी तपासलेले सगळे पुरुष होते, हे इथल्या भगिनींनी ध्यानात ठेवावं. काट्याला स्नायू कळत नाही, चरबी कळत नाही. त्याला फक्त किलो कळतात. गरोदर बाईला हा हिशेब लावू नका. वाढत्या मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात.

म्हणून दुसरं माप घ्यायचं, कमरेचं. इथे लगेच कोणीतरी म्हणतं, “डॉक्टर, वीस वर्षं माझा पँटचा नंबर ३४ च आहे.” असेल हो! पँट पोटाखाली सरकलीय, नंबर कशाला बदलेल? टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्यापुढे गेलं की साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, बीएमआय २२ असला तरी.

टेप दोनच आणल्यात, एक भगिनींकडे द्या. काका, तुम्ही या आधी. नाही, शर्टावरून नको.