गरम मुठीची करवत

मंडळी, चेनसॉच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवतीच्या, मुठी गरम करायची सोय असते असं सांगितलं की ऐकणारा बहुधा हसतो. मीही पहिल्यांदा हसलोच होतो. लाकूड कापायला निघालेल्या माणसाला हे कसले लाड, असं वाटतं. म्हणून आधी बोटांविषयी बोलतो, यंत्राकडे मग वळू.

१९१८ साली अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकी डॉक्टर इंडियाना राज्यातल्या बेडफर्डला गेल्या. तिथले चुनखडीचा दगड घडवणारे कारागीर हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरत. थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडत, बधिर होत. हॅमिल्टनबाईंनी तीन कारणं नोंदवली: हत्याराची कंपनं, थंडी आणि हत्यार सतत आवळून धरणं. या तिसऱ्या कारणाकडे सहसा कुणी बघत नाही, आणि माझ्या मते गरम मुठीची खरी गोम तिथेच आहे. गारठलेल्या हाताला आपली पकड किती घट्ट आहे हे समजत नाही. मग माणूस आणखी आवळतो. जितकं आवळावं तितकी कंपनं हातात जास्त उतरतात. आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात. थंडी स्वतः त्रास देतेच, वर उरलेल्या दोघांनाही हाताशी धरते.

१९६०च्या दशकात थंड प्रदेशांतल्या लाकूडतोड्यांच्या हातांत हाच विकार दिसू लागला. तेव्हा चेनसॉच्या कारखान्यांनी इंजिन आणि मुठी यांच्यामध्ये रबर घातलं, स्प्रिंगा घातल्या. कंपनं बरीच कमी झाली. पण त्याच फटीमुळे इंजिनाची ऊब मुठीपर्यंत यायची वाटही अरुंद झाली. मफलरला, म्हणजे इंजिनाचा धूर सोडणाऱ्या डब्याला, हात लागला तर भाजेल, आणि वीतभर अलीकडे मूठ बर्फासारखी!

यावरचा तोडगा मला फार आवडतो, कारण त्याला बॅटरी लागत नाही. ठिणगी पाडण्यासाठी फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावर, चुंबक असतोच. त्याच फ्लायव्हीलजवळ आणखी कॉईल बसवली की फिरत्या चुंबकांमुळे तिच्यात वीज तयार होते. ती एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते, पण तापणाऱ्या तारेला एसी काय आणि डीसी काय, सारखंच. पुढच्या दांड्याच्या आवरणाखाली आणि मागच्या मुठीत पातळ तापक बसवलेले असतात, बाजूला एक बटण असतं, झालं. इंजिन नुसतं धुगधुगत असेल तर ऊब कमी, कापायला लागलात की वाढते. श्टील कंपनीच्या मॉडेलच्या नावात यासाठी ‘डब्ल्यू’ असतो, हुस्क्वर्ना कंपनीच्या नावात ‘जी’.

श्टीलच्या नावात ‘व्ही’ही दिसला, तर कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, गरम करायचीही सोय आहे असं समजा. तो रोग वेगळा. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटर गार पडतो आणि हवेतलं बाष्प आत गोठतं. गंमत अशी की हा त्रास कडाक्याच्या कोरड्या थंडीत कमी होतो, शून्याच्या आसपासच्या दमट हवेत जास्त. पुष्कळ करवतींना सिलिंडरकडची गरम हवा आत घेणारी हिवाळी झडप असते. ऊन वाढल्यावर ती बंद करायला विसरू नका, नाहीतर इंजिन फाजील तापेल.

आता एक गैरसमज. मूठ गरम आहे म्हणून दिवसभर करवत चालवता येते, असं नाही. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशात हाताला पोचणाऱ्या कंपनांची मर्यादा आठ तासांच्या कामामागे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि २.५च्या वर गेलं की मालकाने उपाय सुरू करायचे. मूठ गरम असेल तर सवलत, असं त्यात कुठेही नाही. करवतीची कंपनं तेवढीच राहतात.

जाड हातमोज्यांचं मघाशी कुणी विचारलं. मोजा जितका जाड तितकी मुठीची ऊब बोटांपासून दूर, शिवाय थ्रॉटलचा, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या खटक्याचा, अंदाज जातो. गरम मुठीवर मध्यम जाडीचा, कोरडा मोजा बरा.

आता टेबलावरची करवत उघडू. हिच्या दोन्ही मुठी थंड आहेत, आणि दोन्ही एकदम गेल्या म्हणून दोन्ही तापक बिघडलेत असं मला वाटत नाही. बऱ्याच करवतींत ते माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात, कुठेही तार तुटली की दोन्ही बंद. इंजिन आणि मुठीच्या मधली ती फट ओलांडणारी तार सतत हलत असते, आधी तीच बघायची. तार तपासायचा मीटर कुणी आणलाय?